मॅन पेज वाचलं होतं हो! पण कुठलं?

रानवारा (सोम, रात्री १०:४८)

राग ओसरलाय, म्हणून आता लिहायला बसलेय.

आमच्या एका छोट्या गटाचा सर्व्हर माझ्या गळ्यात आहे. मी प्रोग्रामर नाही. ‘तुला जमेल गं’ म्हणून आलेलं काम. रोज पहाटे अडीचला बॅकअप व्हावा आणि फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी, एवढंच करायचं होतं. कमांड लिहिली, हाताने चालवून बघितली, झकास चालली. तीच ओळ जशीच्या तशी क्रॉनटॅबमध्ये (क्रॉन हा प्रोग्राम ठरल्या वेळी जी कामं चालवतो त्यांच्या यादीत) टाकली. सकाळी बघते तर फोल्डर रिकामं. दुसऱ्या दिवशीही रिकामं. तिसऱ्या रात्री मी अडीचपर्यंत जागी राहिले, जणू माझ्या डोळ्यांदेखत तरी ते शहाण्यासारखं वागेल. नाही वागलं.

मग सर्व्हरवर लिनक्सची जी डिस्ट्रो (तयार संच) आहे, तिच्या मदतगटात विचारलं. चार मिनिटांत उत्तर आलं: ‘मॅन क्रॉनटॅब वाचा.’ तीन शब्द, विषय संपला. (‘मॅन’ ही कमांड हव्या त्या नावाचं माहितीपान, म्हणजे मॅन पेज, उघडते.)

बरं बाई, वाचलं. अक्षरशः दोनदा वाचलं. क्रॉनटॅब उघडायची कशी, यादी बघायची कशी, पुसायची कशी, कुणाला परवानगी असते, असं सगळं त्यात होतं. माझ्या प्रश्नाचं नाव नाही. तसं लिहिलं. त्याच माणसाचं उत्तर: ‘वाचलेलं नाही हे दिसतंय. तिथे आहे.’ वर आणखी दोघांनी त्याला अंगठे दिले.

दोन दिवसांनी माझं मलाच सापडलं. क्रॉनटॅब नावाची मॅन पेजं दोन आहेत! नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ म्हटलं की विभाग १ मधलं उघडतं, ते कमांडबद्दल. त्या फाइलमध्ये काय लिहायचं ते विभाग ५ मध्ये, आणि त्यासाठी मध्ये ५ चा आकडा घालावा लागतो. तिथे एका वाक्यात माझं उत्तर होतं. भानगड टक्क्याच्या चिन्हाची होती.

म्हणजे तो माणूस बरोबर होता आणि मीही खोटं बोलत नव्हते.

फुकट मदत करणाऱ्यांचा वेळ खाऊ नये हे मला पटतं. पण विचारण्याआधी किती वाचलं म्हणजे ‘वाचलं’ म्हणायचं? आणि ‘वाचा’ म्हणणाऱ्याने कुठलं पान ते सांगायला नको?

जुनाखोड (सोम, रात्री ११:२०)

मी त्या गटात नाही. असतो तर बहुधा तेच तीन शब्द लिहिले असते. त्यामुळे बोलणी मलाच बसली आहेत असं धरून उत्तर देतो.

पंधरा वर्षं एका प्रोजेक्टच्या मेलिंग लिस्टवर उत्तरं देतोय. पैसे मिळत नाहीत, मागितलेही नाहीत. नोकरी झाली, घरचं झालं की रात्रीचा एखादा तास उरतो. त्या तासात ‘चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प’ असे मेल बघायचे. काय चालत नाही? आवृत्ती कुठली? एरर काय आली? काही पत्ता नाही. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला दोन परिच्छेद लिहायचो. तिसऱ्या वर्षी दोन ओळी. आता दुवा. याला लोक उर्मटपणा म्हणतात. मी झीज म्हणतो.

विभागांचं म्हणाल तर ‘मॅन मॅन’ करून बघा, सुरुवातीलाच सगळ्या विभागांचा तक्ता आहे. युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यातही विभाग होते, आणि फाइलींची रचना पाचव्याच विभागात होती. लिनक्सवर आजही पाचव्यातच आहे. पन्नास वर्षांत जिची जागा हलली नाही ती गोष्ट सापडली नाही, यात डॉक्सचा, म्हणजे लिहून ठेवलेल्या माहितीचा, दोष किती?

शून्यभागिले (सोम, रात्री ११:२४)

टक्क्याने घात केला म्हणायचा. शंभर टक्के.

पिंपळपान (मंगळ, सकाळी ७:०५)

जुनाखोड, ‘मॅन मॅन’ करावं हे कुठल्या मॅन पेजवर लिहिलंय? :)

वाद नंतर. उद्या कुणी हाच प्रश्न शोधत इथे आलं तर उत्तर तरी मिळो, म्हणून नीट लिहितो.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्का आला की क्रॉन तिथे ओळ तोडतो. पहिल्या टक्क्याच्या आधीचं ते कमांड, आणि नंतरचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून दिलं जातं. रानवारा यांच्या ओळीत तारखेसाठी कंस उघडला असणार, मग तारखेच्या साच्यातला टक्का आला, ओळ तुटली, कंस उघडाच राहिला. शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) तक्रार केली आणि काम सोडून दिलं. उपाय दोन. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची, किंवा अख्खी कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनटॅबमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा. स्क्रिप्टच्या आत टक्क्याला हा नियम लागू नाही. मी कायम दुसरंच करतो.

‘हाताने चालतं, क्रॉनमधून नाही’ याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पाथ. आपण लॉगिन करतो तेव्हा शेल दहा ठिकाणी प्रोग्राम शोधतं, क्रॉन मात्र सहसा दोनच ठिकाणी. म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता द्यावा.

आता एक खोचक प्रश्न. शेलने केलेली तक्रार क्रॉन मेलने पाठवतो. मेलची यंत्रणा नसेल तर लिनक्सच्या डेबियन कुळातल्या सिस्टिमवर लॉगमध्ये चक्क नोंद करतो की एमटीए (तीच ती मेलची यंत्रणा) बसवलेला नाही, म्हणून आउटपुट टाकून देतोय. ती ओळ दिसली होती का?

रानवारा (मंगळ, सकाळी ८:३१)

दिसली होती. :( एमटीए म्हणजे काय ते कळलं नाही. मला मेल पाठवायचाच नव्हता, तेव्हा हे काहीतरी दुसरंच असेल म्हणून सोडून दिलं. आणि हो, प्रश्नात मी लॉग दिला नव्हता. कमांडही पूर्ण दिली नव्हती, ‘तारीख घातलेली टार कमांड’ एवढंच लिहिलं होतं. ती ओळ जशीच्या तशी चिकटवली असती तर कुणीतरी टक्का बघून लगेच सांगितलं असतं. तेवढी माझी चूक.

जुनाखोड (मंगळ, सकाळी ८:४४)

हे बोललात. निम्मं भांडण मिटलं.

अर्धविराम (मंगळ, सकाळी १०:१५)

निम्मंच मिटलं, कारण उरलेलं निम्मं जरा अवघड आहे.

रानवारा यांच्याकडे कुठले शब्द होते बघा: बॅकअप, होत नाही, क्रॉन, रात्री. उत्तराच्या वाक्यात कुठले शब्द आहेत? टक्का, नवी ओळ, स्टँडर्ड इनपुट. दोन्हींत एकही शब्द सामाईक नाही. पान समोर उघडं असतं आणि त्यात ‘बॅकअप’ शोधलं असतं तरी काही सापडलं नसतं. ज्या शब्दाने शोधायचं तो शब्द उत्तर कळल्यावर कळतो, ही खरी गोची आहे. जाणत्याला ती दिसत नाही, कारण तो त्याच पानावर शोधायला नाही, आठवायला जातो.

मॅन पेज हा संदर्भग्रंथ आहे. शब्दकोशासारखा. शब्द माहीत असेल तर अर्थ मिळेल. ‘माझ्या मनात काहीतरी आहे, त्याला काय म्हणतात?’ याला शब्दकोश निरुपयोगी. डॅनिएले प्रोसिडा यांची ‘डायटॅक्सिस’ नावाची मांडणी डॉक्स लिहिणाऱ्यांत बरीच चालते. त्यात चार प्रकार वेगळे काढलेत: हात धरून शिकवणारं, अमुक काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भासाठीचं, आणि ‘हे असं का’ ते समजावणारं. अडकलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारचं पान हवं असतं आणि आपण त्याच्या हातात तिसऱ्या प्रकारचं ठेवतो. वर म्हणतो, वाच.

एफएक्यू हा प्रकार यासाठीच जन्माला आला ना? १९८० च्या दशकात मेलिंग लिस्टवर तेच ते प्रश्न येऊन जुनी मंडळी कंटाळली, म्हणून प्रश्नोत्तरांच्या याद्या करून वेळोवेळी टाकायला लागली. त्यात गोम ही की शीर्षक विचारणाऱ्याच्या शब्दांत असायचं. पुढे कंपन्यांनी त्याचं काय केलं ते सोडा. ‘तुमचं उत्पादन इतकं छान कसं?’ असे प्रश्न कुणी खरोखर विचारतं का?

किमयागार (मंगळ, सकाळी ११:०२)

अर्धविराम +१००. वाखु (वाचनखूण) साठवली.

अवांतर: डॉक्समध्ये सगळं असतं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. २०१७ मध्ये एकाच्या स्वयंचलित चाचण्या मध्येच फेल व्हायला लागल्या. शोधता शोधता कळलं की बरोबर रात्री साडेबाराला, नुसतं पानांचा पत्ता विचारण्यासाठी मॅन कमांड चालवली की ती एररमध्ये ‘गिमी गिमी गिमी’ छापते! २०११ मध्ये कुणाच्या तरी सुचवण्यावरून घातलेली गंमत. एका जुन्या गाण्यात मध्यरात्रीनंतर ‘मॅन’ हवा असतो, त्यावरची कोटी. त्या भाऊने प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारलं तेव्हा उलगडा झाला, आणि मग ती गंमत काढून टाकली.

आता त्याला काय म्हणायचं? ‘मॅन मॅन वाच’?

शून्यभागिले (मंगळ, सकाळी ११:०६)

आज रात्री साडेबाराला जुनाखोड काय बोलतात यावर लक्ष ठेवा.

घुबड (मंगळ, दुपारी १:५०)

हसून झालं असेल तर दुसरी बाजू.

मी एका लहान सॉफ्टवेअर लायब्ररीचा (इतरांनी आपल्या प्रोग्रामात वापरायच्या तयार कोडचा) एकटा मेन्टेनर, म्हणजे सांभाळणारा, आहे. ती कोण कोण वापरतं मला माहीत नाही, पण मोठी मंडळी वापरतात हे त्यांच्या मेलच्या पत्त्यांवरून कळतं. गेल्या महिन्यात एकाने इश्यू उघडला: ‘आमचं रिलीज शुक्रवारी आहे, हे तोपर्यंत झालं पाहिजे.’ उत्तर रीडमीच्या (सोबतच्या माहितीच्या फाइलच्या) दुसऱ्या परिच्छेदात होतं. मी नम्रपणे दुवा दिला. तो म्हणाला, ‘वाचायला वेळ नाही.’ म्हणजे त्याला पगार घेऊन वाचायला वेळ नाही, आणि मला फुकट समजावायला आहे.

अशा दबावाने पुढे काय होतं त्याचं उदाहरण एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं) आहे. एकटा माणूस वर्षानुवर्षं सांभाळत होता. २०२२ मध्ये लिस्टवर काही जण त्याच्या मागे लागले, पॅच (सुचवलेले बदल) का घेत नाही, एवढा उशीर का. त्याने लिहिलं की हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, तब्येतही बरी नाही. त्याच सुमारास ‘मदतीला’ आलेल्या एकाच्या हातात हळूहळू अधिकार गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली आणि त्यांनी खोदून काढलं, म्हणून २९ मार्चला ते उघड झालं. मागे लागणारी ती खाती बनावट असावीत असंच बहुतेक जाणकार मानतात.

‘आधी वाच’ हे कुंपण आहे. ते नसेल तर आतला माणूस टिकत नाही.

अर्धविराम (मंगळ, दुपारी २:१२)

घुबड, तुमच्या त्या शुक्रवारवाल्याबद्दल पूर्ण सहानुभूती. पण एक्सझेडचा दाखला इथे बसत नाही. तिथे ठरवून केलेला कट होता. रानवाराने दोनदा पान वाचून मग तोंड उघडलं. त्या शुक्रवारवाल्यावरचा राग तिच्यावर काढणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

घुबड (मंगळ, दुपारी २:३०)

मान्य. पण संध्याकाळी दमून इनबॉक्स उघडल्यावर वडा कुठला आणि वांगं कुठलं हे ओळखायलाही ताकद लागते हो.

नवशिका (मंगळ, संध्याकाळी ६:४०)

इथे पहिलाच प्रतिसाद. सांभाळून घ्या.

माझी तऱ्हा उलटी. मी विचारतच नाही. एकदा एका प्रोजेक्टच्या चॅटवर प्रश्न टाकला होता, तर कुणीतरी फक्त चार इंग्रजी अक्षरं लिहिली. त्यांचा अर्थ शोधायला गेलो तेव्हा कळलं की आपल्याला शिवी घालून मॅन्युअल वाचायला सांगितलंय. बारीकशी गोष्ट आहे, पण मी ते चॅट सोडलं, ते सॉफ्टवेअरही सोडलं. जुनाखोड सरांच्या हिशेबात माझ्यासारखे धरलेच जात नाहीत, कारण आम्ही पुन्हा दिसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने २०१८ मध्ये जाहीर लिहिलं होतं की नवख्यांना आमच्याकडे परकं वाटतं, हे बदलायला हवं. वाचून बरं वाटलं होतं, पण मी तोवर बाहेर पडलो होतो.

दुसरं भाषेचं. इंग्रजीत वाचून समजतं, पण लिहायला गेलो की वाक्य एकतर लोटांगण घातल्यासारखं होतं नाहीतर हुकूम सोडल्यासारखं. ‘मला हे हवंय’ एवढंच म्हणायचं असतं, लिहिलं जातं ‘तुम्ही हे द्या’. समोरच्याला काय कळणार मी कुठल्या भाषेतून आलोय?

मात्र एक फायदा झाला. घाबरून मी प्रश्न आधी नीट लिहून काढतो: काय करायचं होतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर सापडतं आणि प्रश्न पाठवावाच लागत नाही.

पिंपळपान (मंगळ, संध्याकाळी ७:०२)

स्वागत आहे नवशिका. त्या शेवटच्या प्रकाराला प्रोग्रामर लोकांत रबरी बदकाची पद्धत म्हणतात. टेबलावर बदक ठेवायचं आणि त्याला आपला कोड ओळ न् ओळ समजावून सांगायचा. बदक कधीच ‘मॅन्युअल वाच’ म्हणत नाही.

बंडूनाना (मंगळ, रात्री ८:१५)

धागा खूप मोठा झालाय, सगळा वाचला नाही. कुणी थोडक्यात सांगेल का काय ठरलं?

शून्यभागिले (मंगळ, रात्री ८:१६)

मॅन धागा. विभाग ५.

जुनाखोड (मंगळ, रात्री ८:२०)

मी काहीही बोललेलो नाही याची नोंद घ्यावी.

सुमेध (मंगळ, रात्री ९:३३)

मी एका डेटाबेसच्या मदतगटाचा मॉडरेटर आहे. आमच्याकडे हा वाद दर सहा महिन्यांनी होतो. आम्ही जे करून बघितलं ते सांगतो.

पहिला प्रयोग: वर मोठ्या अक्षरांत ‘विचारण्याआधी वाचा’ असं लांबलचक पान चिकटवलं. काडीचा फरक पडला नाही. जे वाचतात त्यांना त्याची गरज नव्हती, ज्यांना गरज होती ते ते पान ओलांडून गेले. (प्रश्न कसे विचारावेत यावरचं एक प्रसिद्ध इंग्रजी टिपण आहे. शेकडो प्रोजेक्ट त्याचा दुवा देतात. त्याच्या लेखकांना वर सूचना लिहावी लागली की बाबांनो, आम्ही त्या प्रोजेक्टांचा मदतकक्ष नाही. लोक टिपण न वाचता थेट त्यांनाच आपली अडचण विचारत होते.)

दुसरा प्रयोग पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकीवरून उचलला. क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) हळू चालते असं विचारायचं असेल तर काय काय द्या, त्याची तिथे नेमकी यादी आहे: आवृत्ती, टेबलाची रचना, क्वेरी, आणि एक्सप्लेन अॅनालाइझचं (क्वेरी नेमकी कशी चालली ते दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट. आम्ही तसाच फॉर्म केला, शेवटी एक रकाना टाकला: ‘कुठलं पान पाहिलंत आणि तिथे काय कळलं नाही?’ हा रकाना कामाचा निघाला. रानवारा यांनी तिथे ‘मॅन क्रॉनटॅब’ लिहिलं असतं आणि पानातली एक ओळ चिकटवली असती, तर उत्तर देणाऱ्याला तत्काळ कळलं असतं की बाई विभाग १ मध्ये फिरतायत.

तिसरं, उत्तर देणाऱ्यांसाठी. नुसता दुवा द्यायचा नाही. दुव्याबरोबर त्या पानातलं कुठलं कलम आणि त्यातलं एक वाक्य. वीस सेकंद जास्त लागतात. पहिल्यांदा आमच्यातल्याच दोघांनी कुरकुर केली. मग एक गंमत झाली. वाक्य शोधायला गेल्यावर कैकदा असं लक्षात आलं की ते वाक्य तिथे नाहीच. आपल्याला वाटत होतं, आहे.

किमयागार (मंगळ, रात्री ९:५०)

आणि हल्ली चॅटबॉट आहेच की. विचारा, सांगतो, चिडत नाही.

घुबड (मंगळ, रात्री १०:०४)

चिडत नाही, आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेला पर्यायही ठणकावून सांगतो. मग लोक तो घेऊन माझ्याकडे येतात, ‘तुमची लायब्ररी हा पर्याय का मानत नाही?’ म्हणजे आता न वाचलेल्या डॉक्सबरोबर कधीच न लिहिलेल्या डॉक्सचीही उत्तरं द्यायची.

तरी मी वापरतो. ‘याला काय म्हणतात’ एवढं विचारायला. शब्द मिळाला की पुढचं डॉक्समध्ये स्वतः बघतो. अर्धविराम म्हणतात ती गोची त्याने बऱ्यापैकी सुटते.

जुनाखोड (बुध, पहाटे १२:४१)

(साडेबारा टळून गेले. शून्यभागिले, झोपा.)

सुमेध यांचं शेवटचं वाक्य लागलं, म्हणून सांगतो. आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी लिस्टवर एकाने कॉन्फिगरेशनबद्दल विचारलं. मी नेहमीप्रमाणे: ‘डॉक्समध्ये आहे.’ तो म्हणाला, पाहिलं, तसं केलं, होत नाही. मी: ‘नीट पाहा.’ तो पुन्हा: तीनदा केलं. मग मी जरा तोऱ्यातच दुवा चिकटवायला ते पान उघडलं. पान मीच लिहिलेलं. आणि त्यातला पर्याय आम्ही तीन आवृत्त्यांमागे बदलला होता. बदलणाराही मीच. तो बिचारा माझं चुकीचं पान इमानदारीने पाळत होता आणि मी त्याला वाच वाच म्हणत होतो.

माफी मागितली. तो परत आला नाही. नवशिका म्हणतात ते हिशेबात न धरलेले, त्यातला एक माझ्या खात्यावर आहे.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाले डॉक्समधली चूक ही गंभीर बग धरतात. मला ते पूर्वी सोवळं वाटायचं.

तरीही रानवारा, एक गोष्ट सोडवत नाही. तुम्ही दोनदा वाचलेल्या त्या विभाग १ च्या पानाच्या अगदी तळाशी ‘हेही पाहा’ म्हणून क्रॉनटॅब, कंसात ५, असं लिहिलेलं असतं. दोनदा वाचताना दोन्हीदा तळापर्यंत गेला नाहीत, हो ना?

पिंपळपान (बुध, सकाळी ७:१०)

तळाशी कशाला, डेबियन कुळात तर पहिल्यांदा क्रॉनटॅब संपादित करायला उघडली की त्या फाइलमध्येच वर माहितीच्या ओळी असतात. त्यात आउटपुट मेलने जातं हेही असतं आणि विभाग ५ बघा हेही. काखेत कळसा.

आणि कंसातल्या आकड्याचा अर्थ माहीत नसणाऱ्यांसाठी: ‘व्हॉटइज क्रॉनटॅब’ केलं की त्या नावाची सगळी पानं विभागासकट दिसतात. ‘मॅन’ला ‘-ए’ दिलं तर एकामागून एक सगळी उघडतात.

रानवारा (बुध, सकाळी ९:२५)

आत्ता बघितलं. तळाशी आहे. कंसात ५ दिसला होता, पण मला तो तळटीपेचा क्रमांक वाटला. खरंच.

फाइलमधल्या वरच्या ओळी… त्या मी पहिल्याच दिवशी पुसल्या. इतकी बडबड कशाला, फाइल कशी स्वच्छ दिसली पाहिजे म्हणून. हसा.

शून्यभागिले (बुध, सकाळी ९:२७)

हसत नाहीये. माझ्याही फाइलमध्ये नाहीत त्या ओळी.

किमयागार (बुध, सकाळी ९:४०)

मीही पुसल्यात. मलाही विभाग ५ फार उशिरा कळला. क्रॉनटॅबच्या ओळीत महिन्याची १३ तारीख आणि शुक्रवार असे दोन्ही रकाने भरले होते, काम फक्त तेरा तारखेच्या शुक्रवारी चालेल म्हणून. ते प्रत्येक तेरा तारखेला आणि प्रत्येक शुक्रवारी चालत राहिलं. दोन्ही रकाने भरले तर कुठलाही एक जुळला की पुरतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. वाचलं होतं. विश्वास बसला नव्हता.

रानवारा (बुध, रात्री १०:१८)

मूळ प्रश्नाकडे येते. किती वाचलं म्हणजे वाचलं, याचा आकडा मिळणार नाही हे कळलं. पण सुमेध यांचा रकाना मी उचललाय. आता विचारताना ‘हे पान, ही ओळ, इथे अडलेय’ असं लिहिणार.

आज त्या डिस्ट्रोच्या विकीवर खातं उघडलं. क्रॉनच्या पानावर टक्क्याबद्दल काहीच नाही, म्हणून एक परिच्छेद लिहिलाय: हाताने चालतं पण क्रॉनमधून चालत नाही तेव्हा काय काय बघायचं. पाथ, टक्का, लॉगमधली ती ओळ. पिंपळपान, तुमचा प्रतिसाद समोर ठेवूनच लिहिलं, चालेल ना?

आता एक शंका, जुनाखोड यांनाच विचारते. विकीचे नियम वाचले, शेवटपर्यंत. चौथ्या कलमात म्हटलंय की पानाचं शीर्षक प्रोग्रामचं नावच हवं, वाक्य नको. पण मला ‘हाताने चालतं, क्रॉनमधून नाही’ असं शोधणाऱ्याला ते सापडायला हवंय. प्रोग्रामचं नाव त्याला माहीत असेलच असं नाही. वेगळं पान करू की क्रॉनच्या पानातच राहू दे?

जुनाखोड (बुध, रात्री १०:३५)

क्रॉनच्या पानातच राहू द्या, आणि त्या वाक्याच्या नावाने एक पुनर्निर्देशन करा, थेट त्या परिच्छेदावर उतरणारं. नियम शीर्षकांना आहे, पुनर्निर्देशनांबद्दल सहसा कुणी हरकत घेत नाही. घेतलीच तर चर्चापानावर हेच लिहा जे इथे लिहिलंत. दुवा द्या, टक्क्याचं वाक्य बरोबर उतरलंय का ते मी बघतो.

पिंपळपान (बुध, रात्री १०:४०)

चालेल काय, धावेल.

रानवारा (गुरु, सकाळी ८:०२)

केलं. आणि पहाटे अडीचचा बॅकअप आलाय! नावात तारीख, जागच्या जागी. चार दिवस सलग.

घुबड (गुरु, सकाळी ८:०९)

अभिनंदन. त्यातला एखादा उघडून पाहिलात का?

रानवारा (गुरु, सकाळी ८:११)

…थांबा.